सात डिसेंबरचा शेरा

१

चार हजार चारशे सतरा नंबरचा कागद जागेवर नव्हता. सोळा होता, अठरा होता, आणि मधल्या फटीत एक लाकडी पट्टी उभी होती. नलूने पट्टी बाहेर काढली, फटीत कोपरापर्यंत हात घातला, शेजारचे गठ्ठे सोडून पाहिले. हाताला धूळ लागली, कागद लागला नाही.

परळमधलं हे इस्पितळ कोणतं ते विचारू नका. गिरणीमालकांनी बांधलेलं आणि गिरणीकामगारांनी भरलेलं, एवढं सांगितलं तरी पुरे. नलू तिथल्या रेकॉर्डच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी कारकून म्हणून लागली होती. मॅट्रिक पास, अक्षर घोटीव, जीभ तिखट. आणि तो हरवलेला कागद तिच्या बापाचा, कोंडीरामचा होता.

बाप गेल्या आषाढात गेला. आधी लघवीचा त्रास, मग कंबरदुखी, मग पायच गेले. ह्या इस्पितळाने दीड वर्ष औषधाची बाटली भरून दिली. शेवटी दुसरीकडे नेला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिच्यात कॅन्सर झाला होता, आता तो मणक्यात उतरलाय, फार उशीर केलात. उशीर नक्की कुणी केला हे विचारायचं भान तेव्हा घरात कुणालाच नव्हतं.

ते भान परवा आलं. दगडूमामा, म्हणजे नलूच्या आईचा धाकटा भाऊ, कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलणारा, मेहुण्याचंच दुखणं घेऊन मेहुण्याच्याच डॉक्टरकडे जाऊन आला. काही नाही, वयाचा दोष आहे, औषध घ्या, असं डॉक्टर म्हणाले म्हणून त्याने खुशीत सांगितलं. तांदूळ पाखडणाऱ्या आईचं, जाईबाईचं, सूप हातातच थांबलं.

"नलू, ह्येच शब्द. तुझ्या बाला ह्येच शब्द सांगितलं व्हतं."

म्हणून नलूला तो कागद हवा होता. बापाच्या वेळी डॉक्टरांनी काय पाहिलं आणि कुठे चुकलं, ते कळलं तर तीच चूक मामाच्या बाबतीत अजून थांबवता आली असती. मामाची पुढची पाळी शुक्रवारी होती. आज मंगळवार.

रामदासअण्णा त्या खोलीचे मुख्य. बत्तीस वर्षं कागदांत काढलेला माणूस, कुणी कागदाचा कोपरा दुमडला तरी जिवाला लावून घेणारा. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. खोलीचा कायदा साधा होता. डॉक्टरांना कागद हवा असेल तर त्यांची चिठ्ठी यायची आणि ती भिंतीवरच्या तारेत खोचली जायची. रोगी स्वतः खिडकीवर आला, तर तो आपलं नंबराचं कार्ड दाखवून कागद घ्यायचा, ओपीडीत न्यायचा, आणि संध्याकाळी कागद परत येईपर्यंत त्याच्या जागी पट्टी राहायची. ह्या पट्टीवर अण्णांच्याच हातची खडूची तारीख होती, चौदा नोव्हेंबर.

"डॉक्टरांनी नाही नेला गं," अण्णा म्हणाले. "कार्डावर गेलाय. संध्याकाळी परत आला नाही न् माझ्या ध्यानात राहिलं नाही. माझंच चुकलं."

चौदा नोव्हेंबरला कोंडीरामला जाऊन चार महिने झाले होते. मेलेल्या माणसाचं कार्ड घेऊन कुणीतरी खिडकीवर आलं होतं.

२

नलूचा संशय तरीही बापाला औषध देणाऱ्या डॉ. निमकरांवरच होता. संशयाला कायदा कळत नाही. कागद नाहीसा झाला तर फायदा कुणाचा, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर पांढऱ्या कोटात दिसलं. कार्ड काय, शिपायाकरवीही मिळवता येतं.

डॉ. निमकर गिरगावचे. आवाज मऊ, वागणं सभ्य, खिशाला संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला. गिरणगावातल्या सभेत त्यांनी कामगारांच्या त्यागावर असं भाषण केलं होतं की कोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नलूला ते भाषण आठवलं आणि अंगाची आग झाली.

दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली. ४४१७चा कागद हरवला आहे, आपण नेला होता का, असं तिने सरळ विचारलं. चोर असता तर डॉक्टर चरकले असते किंवा चिडले तरी असते. ते नुसते हळहळले.

"अरेरे. शोध हं, सापडला तर मलाही दाखव. माझ्या निबंधासाठी मला ते सगळे कागद लागणार आहेत."

निबंध कसला, तेही त्यांनी हौसेने सांगितलं. दोन वर्षांत ह्या तक्रारीचे अठ्ठ्याऐंशी रोगी त्यांनी पाहिले होते. त्यांतल्या बाकीच्या समाजांच्या एकसष्ट रोग्यांमध्ये नऊ कॅन्सर सापडले, आणि दलित वस्तीतल्या सत्तावीस रोग्यांमध्ये एकही नाही. "तुमच्या लोकांत हा रोग आढळतच नाही," ते म्हणाले. "कष्टाचं शरीर, साधा आहार. संशोधनाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे ही."

माझा बाप ह्याच रोगाने गेला, असं नलू म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली, मग तो नंतर झाला असेल, असं समजुतीने सांगितलं आणि टेबलाच्या खणातून एक वही काढली. निबंधासाठी त्यात प्रत्येक रोग्याची एकेक ओळ उतरवलेली होती. त्यांनी पान उलटलं आणि तिच्या समाधानासाठी वाचून दाखवलं.

"हे बघ. कोंडीराम. सात डिसेंबर छप्पन्न. बोटाने तपासले. ग्रंथी मऊ, गाठ नाही."

नलूने वाकून तारीख स्वतः वाचली. डॉक्टरांनी वही मिटली आणि पंखा वाढवू का म्हणून विचारलं. त्यांना त्या तारखेत काही दिसलंच नव्हतं.

३

सात डिसेंबर छप्पन्न, शुक्रवार. त्या दिवशी बाबासाहेबांची अंत्ययात्रा होती.

त्या दिवशी तिचा बाप कुठे होता हे नलूला कुणी सांगायला नको होतं, कारण बापाचा हात धरूनच ती होती. पहाटेपासून दादरला दर्शनाच्या रांगेत, दुपारपासून अंत्ययात्रेत, संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर. वाळूत उभं राहून हजारोंबरोबर कोंडीरामने तिथेच दीक्षा घेतली होती. अनवाणी पायांना फोड आले होते ते आठवडाभर बसले नव्हते. काळाचौकीपासून वरळीपर्यंत त्यांच्या वस्तीतला एकही माणूस त्या दिवशी घरी नव्हता, आणि डॉक्टरांच्या वहीत तिचा बाप पडद्यामागे कुशीवर झोपून तपासून घेत होता.

पण बाटलीचं काय? हे तिला रेकॉर्डच्या खोलीकडे परतताना आठवलं आणि पाय थबकले. त्या काळी इस्पितळात औषध मिळायचं ते आपापल्या बाटलीत. बाटली न्यायची, भरून आणायची. त्या संध्याकाळी चौपाटीवरून ती आणि बाप परत आले तेव्हा घरच्या खिडकीत बाटली भरून ठेवलेली होती. म्हणजे माणूस गेला नव्हता, पण त्याचा कागद गेला होता आणि त्याची बाटलीही गेली होती.

तिने ओपीडीचं जुनं रजिस्टर काढलं. सात डिसेंबर. ४४१७ होता. त्याच्या वर, त्याच तासाला, ४४१६ होता.

४४१६ कुणाचा हे तिला पाठ होतं. समोरच्या चाळीतल्या गुणाजीकाकांचा.

आता नलूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मत्सर हा पुस्तकातला शब्द झाला. काळाचौकीत त्याला जळणं म्हणतात, आणि नलू गेले सात महिने जळत होती. गुणाजी आणि कोंडीराम एका गिरणीतले, एका खात्यातले, एका वयाचे. एक कोकणातून आलेला मराठा, एक कोकणातूनच आलेला बौद्ध. चाळी दोन, मध्ये बोळ, पण दोघांची गॅलरी समोरासमोर आणि विड्या एकाच बंडलातल्या. फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात दोघांनी एकाच शिपायाची लाठी खाल्ली होती आणि ती कुणाला जास्त लागली ह्यावर वर्षभर भांडले होते. दुखणंही दोघांना एकाच महिन्यात लागलं. डॉक्टर एकच, औषध एकच. गुणाजीची गाठ वेळेवर सापडली, ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि तो उठून कामावर गेला. कोंडीराम गेला.

आता समोरच्या गॅलरीत गुणाजी रविवारी आरसा टांगून दाढी करायचा आणि "कौसल्ये, पाणी आण गो" अशी हाक मारायचा. ती हाक नलूच्या काळजात कुसळासारखी रुतायची. कौसल्या तिची लहानपणापासूनची मैत्रीण. येत्या रविवारी तिचं लग्न होतं, आणि कन्यादानाला तिचा बाप पाटावर बसणार होता. नलूला कौसल्येचा नवरा नको होता, शालू नको होता. फक्त तो पाट दिसला की तिला वाटायचं, ह्यांच्याच वाट्याला का?

संध्याकाळी तिने आईला विचारलं, त्या दिवशी बाटली कुणी आणली?

"गुनाजीभावजीनं," जाईबाई म्हणाली. "दुसरं कोन आननार? दोघांची कार्डं त्याच्याच खिशात असायची. तुझा बा हरवून येईल म्हनून."

कार्ड अजून त्याच खिशात होतं. नलूला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणाच्या तरी गळ्याला हात घालता येणार होता आणि तो गळा नेमका गुणाजीचा होता.

४

बुधवार आणि गुरुवार तिने कागदांत घालवले. काय पाहिलं ते अण्णांशिवाय कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ती बोळ ओलांडून समोर गेली.

खोलीत बांगड्या भरण्याचं चाललं होतं. कौसल्येने हिरव्या चुड्याचे हात वर करून तिला बोलावलं. नलू हसली आणि तशीच गॅलरीत गेली. गुणाजी स्टुलावर बसून आंब्याच्या डहाळ्या सारख्या करत होता.

"काका, बाबांचं कार्ड द्या," ती म्हणाली.

गुणाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. डहाळी हातातून खाली ठेवली. मग तो उठला, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढून तिच्या हातात दिला. ४४१७. कार्ड त्यालाच टाचलेलं होतं.

मग त्याने सांगितलं ते हळू, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने. त्या दिवशी गिरण्या बंद होत्या. शुक्रवारी दोघांनाही तपासायला बोलावलं होतं, पण कोंडीराम म्हणाला, आज मला मरण आलं तरी मी दादरला जाणार. गुणाजी म्हणाला, तू जा, तुझं औषध मी आणतो. त्याने दोन कार्डांवर दोन कागद घेतले आणि दोन बाटल्या पिशवीत घातल्या. चाळीतली माणसं एकमेकांची अशी कामं करतच होती. डॉक्टरांनी गुणाजीला पडद्यामागे नेलं, हातमोजा चढवला, बोट घालून तपासलं आणि गाठ आहे म्हणाले. मग दुसरा कागद पुढे ओढला.

"माका विचारल्यानी, ह्यो दुसरो खंय? मी म्हटलंय, अंत्ययात्रेक गेलोहा. तर वर जातीचो रकानो बघितल्यानी, नि लिवन टाकल्यानी. म्हणाले, तेका कशाक तपासूक होया, औषद घेवन जा. मी घेवन इलंय गो. माका वाटलां, काम झालां."

पुढच्या प्रत्येक पाळीला कोंडीराम स्वतः गेला. डॉक्टर कागद पाहायचे, सात डिसेंबरचा शेरा वाचायचे, पूर्वी तपासलंय म्हणायचे आणि बाटली भरून द्यायचे. गेल्या नोव्हेंबरात गुणाजी स्वतःच्या पाळीला गेला होता तेव्हा नवख्या डॉक्टरांनी त्याला सहज सांगितलं, त्या बोटाच्या तपासणीने तुम्हाला वाचवलं. गुणाजीला तिथेच कळलं की कोंडीरामला ती तपासणी मिळालीच नव्हती. त्याने सवयीप्रमाणे दोन्ही कार्डं खिडकीवर दिली होती, आणि सवयीप्रमाणे दोन्ही कागद हातात आले होते. एक त्याने शर्टाच्या आत घातला. उद्या कुणी तो वाचला असता तर जाईबाईला कळलं असतं की खोटा शेरा ज्याच्या हातून आला तो माणूस समोरच राहतो.

"मी मारलंय तेका," तो म्हणाला.

नलूने ह्याच वाक्यासाठी जीव टाकला होता. आता ते गॅलरीत मोठ्याने बोललं की झालं. रविवारचा पाट उधळला असता, कौसल्येचा चेहरा उतरला असता, आणि सात महिन्यांची आग विझली असती. आतून कौसल्येने विचारलं, नलू, तुझ्या मापाच्या राहिल्यात गो, भरतेस ना?

नलूने कागद उलगडला. शेरा होता, तसाच. तिने तो दोनदा वाचला.

"काका, तुम्ही नाही मारलं," ती शेवटी म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. "पण उद्या सकाळी दगडूमामाबरोबर इस्पितळात यायचं. हे सगळं सुपरिंटेंडेंटसमोर बोलायचं."

उद्या हळद होती. मुलीच्या बापाने हळदीच्या दिवशी असल्या कामाला बाहेर पडायचं नसतं. गुणाजीने डहाळी पुन्हा हातात घेतली. येईल की नाही ते नलूला कळलं नाही.

५

शुक्रवारी साडेनऊ वाजता दगडूमामा बाकावर बसला होता आणि शेजारची जागा रिकामी होती. नलू दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. पावणेदहाला गुणाजी आला. हाताला हळद होती, ती पुसायचंही राहिलं होतं.

सुपरिंटेंडेंट डॉ. भरूचा हे तापट, खरखरीत आवाजाचे पारशी गृहस्थ. त्यांनी निमकरांना बोलावून घेतलं आणि पाच मिनिटांत काय ते सांगा म्हणाले. गुणाजीने सांगितलं. ह्या वेळी त्याचा आवाज हळू नव्हता.

डॉ. निमकर लाल झाले, पण लगेच सावरले. त्या दिवशी गर्दी होती, घाईत एक नोंद चुकली, ती मी कबूल करतो, असं ते म्हणाले. दोन वर्षांत एक चूक कुणाकडूनही होते.

"एक नाही, सर," नलू म्हणाली.

रामदासअण्णांनी कागदांचे दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. अठ्ठ्याऐंशी कागद. नलूने मोठा गठ्ठा आधी सोडला. एकसष्ट रोगी, एकसष्ट तऱ्हेचे शेरे. कुठे ग्रंथी सुपारीएवढी, कुठे डावीकडे कठीण, कुठे हात लावताच दुखली. बोट फिरलं की काही ना काही वेगळं लागणारच. मग तिने लहान गठ्ठा सोडला. सत्तावीस कागद. वरच्या कोपऱ्यात जातीच्या रकान्यात कुठे जुनी जात, कुठे नवा 'बौद्ध' शब्द. आणि खाली सत्तावीस वेळा तीच ओळ, शब्द न शब्द तीच. बोटाने तपासले. ग्रंथी मऊ, गाठ नाही. सगळ्यांत वरचा कागद दगडूमामाचा होता. त्याच्या खाली कोंडीरामचा.

"माझे वडील त्या दिवशी हजर नव्हते आणि हा शेरा आहे. मामा हजर होता आणि हाच शेरा आहे," नलू म्हणाली. "मामाला मी विचारलं. त्याला पडद्यामागे नेलंच नव्हतं. माणूस समोर असला काय नि नसला काय, डॉक्टरांना फरक पडत नव्हता. आमच्यात हा रोग आढळत नाही असं ते निबंधात लिहिणार आहेत. हात न लावता आढळेल कसा?"

भरूचांनी निमकरांकडे पाहिलं तसे ते खिडकीबाहेर बघू लागले. खिशावरचा बिल्ला तेवढा नलूला दिसत राहिला.

"तमे बैस," भरूचा नलूला म्हणाले. त्यांनी खणातून रबरी हातमोजा काढला आणि दगडूमामाला घेऊन स्वतः पडद्यामागे गेले. मामा घाबरून मागे वळला तेव्हा गुणाजी आपण होऊन उठला आणि पडद्याशी जाऊन उभा राहिला. काय नाय होवचा रे, डोळे मीट, असं तो त्याला सांगत होता.

नलू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. दहा वाजून सात मिनिटं. दहा वाजून आठ. दहा वाजून नऊ मिनिटांनी पडदा सरला. भरूचा मोजा काढत म्हणाले की उजवीकडे गाठ आहे, वाटाण्याएवढी, लहान आहे, अजून ग्रंथीतच आहे, सोमवारी दाखल करा. उरलेल्या लोकांना आजच्या आज पत्रं घालायची जबाबदारी त्यांनी नलूवर टाकली. तिने पंचवीस पोस्टकार्डं मागवली. त्यांतली चार पुढे परत आली, पत्ता बरोबर होता, घेणारा नव्हता.

पण ती नंतरची गोष्ट. त्या क्षणी दगडूमामा लेंग्याची नाडी बांधत बाहेर आला, लाजला, आणि एवढंच होतं व्हय, म्हणून हसला. गुणाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या सदऱ्यावर हळद उमटली. मामा वाचणार होता. नलूला हेच हवं होतं, ह्यासाठीच तिने चार दिवस जिवाचं रान केलं होतं, आणि तिला आनंदही झाला. पण सात महिन्यांची ती आग पुन्हा पेटली आणि तिला कळेना की आता कुणावर. गुणाजीकाकांवर नाही, कौसल्येवर नाही. मग तिला कळलं, आणि तिने मान खाली घातली.

ती सख्ख्या मामावर जळत होती. दोन मिनिटं लागली होती. तिच्या बापाला ती मिळाली नव्हती.

"चल गो," गुणाजी म्हणाला. "हळदीक तू होयी."

नलूने ४४१७चा कागद रामदासअण्णांकडे दिला. त्यांनी तो नीट सरळ केला आणि पट्टी काढून जागेवर ठेवायला नेला. मग ती त्या दोघांच्या मागोमाग काळाचौकीच्या रस्त्याला लागली.